जंत विकत घेणारे आणि जंत वाट्याला आलेले

युरोप-अमेरिकेत काही रुग्ण पैसे मोजून स्वतःच्या शरीरात जंत सोडून घेतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण त्यामागे तर्क आहे. ऑटोइम्यून आजारात प्रतिकारशक्ती आपल्याच शरीरावर हल्ला करते. जंत मात्र पोटात टिकून राहण्यासाठी हीच प्रतिकारशक्ती शांत करतात. मग जंतच औषध म्हणून का वापरू नयेत? शास्त्रज्ञांचा हा प्रश्न रास्त आहे, त्याची टिंगल नको.

पण बुद्धाने कालामांना सांगितलेले इथेही लागू आहे : तपासल्याशिवाय मानू नका. तपासणी काय सांगते? २००५ साली आयोवा विद्यापीठाच्या डॉक्टरांनी क्रोन्स या आतड्याच्या आजाराच्या २९ रुग्णांना डुकराच्या जंतांची अंडी दिली. २१ जणांचा आजार आटोक्यात आला. पण तुलनेसाठी दुसरा गटच नव्हता! पुढे सुमारे २५० रुग्णांवर, काहींना औषध नसलेला घोट देऊन चाचणी झाली. २०१३ मध्ये निकाल आला : अपयश. नॉटिंगहॅमला मल्टिपल स्क्लेरोसिसच्या ७१ रुग्णांवर अंकुशकृमीचा, म्हणजे हुकवर्मचा प्रयोग झाला. २०२० च्या निष्कर्षात मेंदूतल्या नव्या जखमांच्या संख्येत ठोस फरक आढळला नाही. अमेरिकेच्या एफडीएचीही याला मान्यता नाही. संशोधन जरूर चालू राहावे, पण आज हा उपचार नाही, प्रयोग आहे.

आता श्रीगोंद्याकडे या. कुकडी आणि घोडच्या पाण्यावर इथे ऊस उभा राहतो. तो तोडणारे मजूर हंगामभर कोपीत राहतात आणि बायाबापड्या पहाटे अंधारात उघड्यावर जातात. हुकवर्मची अळी अशाच ओल्या, मैला मिसळलेल्या मातीत वाढते, अनवाणी पायाच्या कातडीतून शिरते आणि आतड्याला चिकटून रक्त पिते. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्क्यांहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, असे पाचवे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण सांगते. सगळा दोष जंतांचा नाही. पण आधीच रक्त कमी असलेल्या बाईच्या अंगातून आणखी रक्त जाणे याला कोणता उपचार म्हणायचे?

तरी काही शहाणे म्हणतात, “घाणीत वाढलेली माणसे काटक असतात, त्यांना ॲलर्जी होत नाही.” हा मनूच आहे, फक्त डॉक्टरचा कोट घालून आलेला. १९८९ साली स्ट्रॅचन यांनी एवढेच मांडले की जास्त भावंडांत वाढलेल्या मुलांमध्ये परागकणांची ॲलर्जी कमी दिसते. त्यातून ‘वस्तीला शौचालय नको’ असा अर्थ कुठून निघतो? स्वच्छ पाण्याचा हक्क आपण १९२७ साली महाडला बजावला आहे. तो असल्या अर्धवट विज्ञानाला विकायचा नाही.

दुसरा मुद्दा संमतीचा. नव्या औषधांचे प्रयोग कोणाच्या शरीरावर होतात? २०१० साली खम्मममध्ये एचपीव्ही लस प्रकल्प थांबवावा लागला. तिथे अनेक आदिवासी मुलींच्या संमतीपत्रावर पालकांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या. म्हणून उद्या कोणी प्रयोग घेऊन वस्तीत आला तर तीन गोष्टी मागा : मराठीत लिहिलेले संमतीपत्र, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि इजा झाल्यास भरपाईची हमी. २०१९ च्या नियमांनुसार हा तुमचा हक्क आहे.

आपल्यातल्या कुणाला संधिवात किंवा आतड्याचा आजार असेल, तर त्याने संधिवाततज्ज्ञाकडे किंवा पोटविकारतज्ज्ञाकडे जावे. इंटरनेटवर जंत विकणारा आणि गावात अंगारा विकणारा, दोघेही आपल्या वेदनेवरच धंदा करतात.

आणि कार्यकर्त्यांनो, या हंगामात प्रत्येक तळावर जा. शौचालय, बूट, रक्ततपासणी आणि जंताची गोळी, या चार मागण्यांचे निवेदन तहसीलदारांना आणि कारखान्याला द्या. पोच घ्या आणि पाठपुरावा सोडू नका.

जय भीम!