पंख्याचा वेग, विजेचं बिल
साखर कारखान्यातल्या बॉयलरचा पंखा थेट लाइनवर जोडला, की त्याची चार पोलची मोटर ५० हर्ट्झवर मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या जरा खालीच फिरत राहणार. हवा कमी हवी? ओढा डँपर! ॲक्सिलरेटर दाबून ठेवून ब्रेकवर गाडी हाकण्यातला हा प्रकार. मोटरला मिळणाऱ्या विजेची फ्रिक्वेन्सी कमी-जास्त करणारा ड्राइव्ह बसवला की फ्रिक्वेन्सीबरोबर मोटरचा वेगच उतरतो, आणि पंख्याला लागणारी शक्ती ढोबळमानानं वेगाच्या घनात घटते: ८० टक्के वेगाला जेमतेम ५१ टक्के. सुरू होतानाचा सहा-सात पट करंटचा झटकाही टळतो. मात्र अहोरात्र पूर्ण वेगानंच चालणाऱ्या पंपाला ड्राइव्ह लावला, तर तोच दोन-चार टक्के वीज खातो, वर लाइनमध्ये हार्मोनिक्स सोडतो. अशा पंपाला स्टार-डेल्टा स्टार्टर पुरतो, आणि स्वस्तही पडतो.