वर्गमूळ आणि ताळा

क्ष² + ९ ह्याचें वर्गमूळ क्ष + ३ असें कित्येक विद्यार्थी बेधडक लिहितात. क्ष = ४ घेऊन ताळा पाहिला, तर मूळ ५ येतें, ७ नव्हे. बेरजेचें मूळ पदापदाचें काढतां येत नाहीं. म्हणूनच आधीं अवयव पाडावे लागतात. क्ष² + ६क्ष + ९ म्हणजे (क्ष + ३)² हें दिसलें कीं मूळ सुटतें. तेथेंही क्ष = −५ असतां क्ष + ३ हें −२ होतें, पण मूळचिन्हाचा अर्थ धन २; म्हणून चिन्ह पाहिल्यावांचून उत्तर पुरें होत नाहीं. आमच्या मतें दोष बुद्धीचा नसून घाईचा आहे. पालकांनीं मुलास ‘उत्तर आलें काय?’ एवढेंच न पुसतां ‘ताळा पाहिलास काय?’ असेंही पुसावें. आपली चूक आपणच शोधण्याची संवय आयते मिळालेल्या गुणांपेक्षां अधिक मोलाची आहे.