त्यागाच्या नावाखाली बिनपगारी राबणूक

अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाची स्थापना १९१४ सालची. १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने भारतीय व्यायामप्रकारांची प्रात्यक्षिके केली. क्रीडाशिक्षक घडवण्याची एवढी जुनी परंपरा वऱ्हाडात आहे. घडलेल्या शिक्षकाला पोटापुरता नियमित पगार देण्याची परंपरा मात्र अद्याप रुजलेली नाही.

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या मुलाने फुटबॉलवर जगायचे ठरवले, तर त्याला गाव सोडावे लागते. एके काळी मुंबईतल्या कंपन्या, रेल्वे, बँका खेळाडूला नोकरीत घेत. बूट काढल्यावरही कारकुनाची खुर्ची उरे. पुढे व्यावसायिक क्लबांचा जमाना आला आणि ती खुर्चीही गेली. महिंद्र युनायटेडने २००५-०६ साली राष्ट्रीय लीग जिंकली. २०१० साली मालकांनी संघच मोडीत काढला. पहिल्या राष्ट्रीय लीगचा विजेता, फगवाड्याचा जेसीटी, पुढच्याच वर्षी बंद पडला. जुलै २०२५ मध्ये इंडियन सुपर लीगचा हंगाम अनिश्चित काळासाठी लांबणीवर टाकण्यात आला, तेव्हा काही क्लबांनी खेळाडूंचे पगारच थांबवले. गिरणी बंद पडली की कामगार मोर्चा तरी काढतो. फुटबॉलपटूच्या मागे तेवढी संघटनाही नसते.

तिशी-पस्तिशीत गुडघा कुरकुरू लागला की हा खेळाडू घरी परततो. महाविद्यालयात शिकवावे, ही त्याची साधी अपेक्षा. तेथे नियम आडवा येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीप्रमाणे शारीरिक शिक्षण संचालकाला त्या विषयातली पदव्युत्तर पदवी हवी. आशियाई वा राष्ट्रकुल स्पर्धेच्या पदकविजेत्यालाही पदव्युत्तर शिक्षणाची अट सुटलेली नाही. ज्या वयात पदव्या मिळवायच्या, त्या वयात तो क्लबासाठी धावत होता! मग आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की त्याला काही आठवड्यांपुरते बोलावले जाते. त्या मोबदल्याला मानधन म्हणतात. त्यात मान किती आणि धन किती, हे घेणाऱ्यालाच ठाऊक.

पदवी असणाऱ्यांची स्थिती तरी बरी आहे काय? दीर्घकाळच्या भरतीबंदीनंतर २०१८ साली राज्य शासनाने महाविद्यालयांतील ४,७३८ पदे भरण्यास मान्यता दिली. त्यांत सहायक प्राध्यापक ३,५८० आणि शारीरिक शिक्षण संचालक १३९. हे १३९ साऱ्या महाराष्ट्रासाठी! अमरावती विद्यापीठाच्या पाच जिल्ह्यांना त्यांतून काय मिळणार, याचा हिशेब कोणीही करावा. जेथे संचालक आहे तेथे त्या एकट्यानेच फुटबॉल, कबड्डी, कुस्ती, धावणे सारे सांभाळायचे, शिवाय कार्यालयीन कागदही रंगवायचे.

संस्थाचालकांचा ठरलेला युक्तिवाद असा की मैदानावरचा माणूस हा काही खरा शिक्षक नव्हे. हा वाद कधीच निकालात निघाला आहे. आंध्रच्या कृषी विद्यापीठाने एका शारीरिक शिक्षण संचालकाला शिक्षक न मानता अठ्ठावन्नाव्या वर्षी निवृत्त केले. त्यावर १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की खेळाचे नियम आणि कौशल्ये शिकवणारा हा शिक्षकच होय. त्यालाही आता पाव शतकाहून अधिक काळ लोटला.

समाजाला अशा माणसाचे कौतुक करायला आवडते. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयातील क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल शिकवला आणि निवृत्तीच्या पैशांतून त्या मुलांसाठी जमीन घेतली. त्यांच्या कामावर २०२२ साली नागराज मंजुळे यांचा 'झुंड' आला, अमिताभ बच्चन त्यात उभे राहिले, प्रेक्षकांचे डोळे पाणावले. बारसे यांचे मोठेपण निर्विवाद आहे. पण एका शिक्षकाला आपल्या म्हातारपणाची पुंजी मैदानात का ओतावी लागली, हा प्रश्न टाळ्यांच्या गजरात कोणी विचारला नाही. जे काम नगरपालिकेचे आणि शासनाचे, ते एका माणसाच्या त्यागावर ढकलून द्यायचे आणि वर त्याचा सत्कार करायचा, ही राज्यकर्त्यांना सर्वांत स्वस्त पडणारी क्रीडानीती आहे.

वऱ्हाडातील कार्यकर्त्यांनी विद्यापीठाच्या अधिसभेत आणि विधिमंडळात दोन मागण्या लावून धराव्यात. संचालकांची सर्व रिक्त पदे पूर्ण वेतनावर भरावीत. आणि राष्ट्रीय पातळीवर खेळलेल्या, प्रशिक्षणाची पदविका घेतलेल्या खेळाडूसाठी महाविद्यालयांत प्रशिक्षकाचे स्वतंत्र, मंजूर पद असावे; त्याला भविष्यनिर्वाह निधी आणि बाराही महिन्यांचा पगार असावा. पैसा नाही, हे उत्तर मिळेलच. त्या वेळी आमदारांच्या नावाने भरणाऱ्या चषक स्पर्धांचा खर्च कोठून येतो, हे सभागृहातच विचारावे.