गोणीवरचे आकडे आणि रसायनशास्त्राचा श्रीगणेशा

मृगाची चाहूल लागली, की वाशीम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा व मानोरा या आमच्या सहाही तालुक्यांत खतांच्या दुकानांपुढे गर्दी होते, आणि त्या गर्दीतील बहुतेकांच्या मुखी एकच नाव असते : डीएपी. ते एका गावी न मिळाले तर शेतकरी दुसऱ्या गावी धावतो, आणि मिळताना त्यासोबत नको असलेला दुसरा माल कोणी गळ्यात बांधला तर तोही मुकाट्याने घेतो. यात सरकारचा दोष किती, कंपन्यांचा किती व दुकानदारांचा किती, याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, व ते सर्वच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु आज आम्हांस त्याहून मुळाशी जाणारी गोष्ट सांगावयाची आहे. रांगेत उभा असलेला ग्राहक नाव मागतो, पदार्थ मागत नाही. आणि गल्ल्यावर बसलेला विक्रेताही पुष्कळदा नावच विकतो. गोणीवर ठळक छापलेले १८:४६:० हे आकडे दोघांच्याही डोळ्यांसमोर असतात, पण ते वाचण्याचे कष्ट दोघांपैकी कोणीही घेत नाही.

हे आकडे वाचणे अवघड आहे काय? कारंजाच्या कापूस व्यापाऱ्यास कपाशीत रुईचा उतारा किती पडेल हे मुठीत बोंड धरताच कळते. सराफ सोन्याचा कस पाहिल्याविना सौदा करीत नाही. १८:४६:० हा खताचा कसच होय. पहिला आकडा नत्राचा, दुसरा स्फुरदाचा, तिसरा पालाशाचा. आणि तिन्ही शेकडेवारीने. पन्नास किलोच्या डीएपीच्या गोणीत नऊ किलो नत्र, तेवीस किलो स्फुरद असते व पालाश मुळीच नसते. जो मनुष्य रोज शेकडा व्याज काढतो त्यास हा हिशेब जड जावा, हे आम्हांस पटत नाही.

पण कस म्हणजे काय, हे समजण्यास रसायनशास्त्राच्या पहिल्या दोन-चार कल्पना मात्र ठाऊक असाव्या लागतात. आमच्या जिल्ह्याची पश्चिमेकडील शीव ओलांडली की बुलढाणा जिल्ह्यातील लोणार लागते. तेथील सरोवराच्या क्षाराची ख्याती जुनी आहे. काच व साबण यांस लागणारी द्रव्ये या भागात मिळतात अशी नोंद अकबराच्या काळी लिहिल्या गेलेल्या ऐन-ए-अकबरीतही आढळते. काठावरून गोळा केलेल्या या क्षारात सोडियमचे कार्बोनेट, बायकार्बोनेट व साधे मीठ एकत्र असतात. एका ठिकाणी एक अधिक, दुसऱ्या ठिकाणी दुसरे. ज्याच्या घटकांचे प्रमाण असे ठिकाणागणिक बदलते ते मिश्रण. परंतु त्याच ढेकळातून साधे मीठ शुद्ध करून काढले, तर त्यात सोडियम व क्लोरीन यांचे वजनी प्रमाण लोणारास जे, तेच मुंबईच्या मिठागरात व तेच जगाच्या पाठीवर कोठेही. ज्यातील प्रमाण असे अढळ असते ते संयुग, आणि ज्याचे याहून साधे द्रव्य रासायनिक रीतीने करता येत नाही ते मूलद्रव्य. स्थिर प्रमाणाचा हा नियम प्रूस्त नामक फ्रेंच रसायनज्ञाने अठराव्या शतकाच्या अखेरीस मांडला, व गोणीवरचा प्रत्येक आकडा त्याच्याच आधारावर उभा आहे.

युरियाचे उदाहरण घ्या. त्याच्या एका रेणूत कार्बनचा एक, ऑक्सिजनचा एक, नत्राचे दोन व हायड्रोजनचे चार अणू. हायड्रोजनचा अणू १ वजनाचा धरला तर कार्बनचा १२, नत्राचा १४, ऑक्सिजनचा १६. बेरीज ६०, त्यात नत्र २८. म्हणजे शेकडा सुमारे ४६.७. गोणीवर ४६ छापलेले असते. हा आकडा कोणा अधिकाऱ्याच्या मर्जीचा नसून निसर्गाचा आहे, व तो पाचवी शिकलेल्या मनुष्यास पाटीवर पडताळून पाहता येतो! शुद्ध युरियात याहून अधिक नत्र कोणत्याही कारखान्यास घालता येणार नाही; ‘दुप्पट ताकदीचा युरिया’ म्हणून पांढरे दाणे विकणारा कोणी भेटला, तर त्यास ६० व २८ हे दोन आकडे विचारावेत.

स्फुरद व पालाश यांच्या बाबतीत मात्र एक गोम आहे. गोणीवरील ४६ हा आकडा निव्वळ फॉस्फरसचा नाही. दोन अणू फॉस्फरस व पाच अणू ऑक्सिजन मिळून जे ऑक्साइड होते, त्याच्या मापाने तो मोजलेला असतो. एकोणिसाव्या शतकात युरोपातील रसायनज्ञ पिकांच्या राखेतील द्रव्ये ऑक्साइडच्या रूपाने तोलीत, ती वहिवाट आजही चालू आहे. त्या ऑक्साइडच्या १४२ भागांत फॉस्फरस ६२. म्हणून डीएपीमधील ४६ टक्के स्फुरद म्हणजे वास्तविक २० टक्केच फॉस्फरस. पालाशाची गंमत याहून मोठी. म्युरिएट ऑफ पोटॅश या खतावर ६० हा आकडा पोटॅशियमच्या ऑक्साइडचा असतो, आणि ते खत तर पोटॅशियम व क्लोरीन यांचे संयुग. त्यात ते ऑक्साइड औषधालाही नाही! यात लबाडी नाही, केवळ मोजण्याची रीत आहे. ऑस्ट्रेलियासारख्या देशात मूलद्रव्याच्या मापानेच मोजतात.

येथे आमच्या शिक्षणपद्धतीविषयी दोन शब्द लिहिणे प्राप्त आहे. शेतकऱ्याचा मुलगा शाळेत ‘फॉस्फरस’ व ‘नायट्रोजन’ शिकतो, संयुजा पाठ करतो, समीकरणे जुळवितो आणि गुणही मिळवितो. घरी बाप ‘स्फुरद’ व ‘नत्र’ म्हणतो. ही दोन्ही एकाच द्रव्याची नावे आहेत हे मुलास कोणी सांगत नाही, व त्याला विचारण्याचे सुचत नाही. मराठीत शास्त्र शिकवावे म्हणून आम्ही इतकी वर्षे भांडलो, ते पुस्तकातील मराठीने गोठ्यातील मराठीस ओळख देऊ नये म्हणून काय? परीक्षेत गोणीवरील आकड्यांचा एक प्रश्न प्रतिवर्षी आला, तर हा दुरावा मिटण्यास वेळ लागणार नाही.

आता सोयाबीनकडे वळू, कारण आमच्या जिल्ह्याच्या खरिपाचा डोलारा आज त्यावरच उभा आहे. रासायनिक क्रियेत द्रव्य नाहीसे होत नाही व नवे उत्पन्नही होत नाही. जितके घालावे तितकेच निघते. हा नियम पक्का करणारा लाव्हाझिए मूळचा करवसुलीच्या मक्त्यातील भागीदार होता (त्याच मक्त्यापायी राज्यक्रांतीत १७९४ साली त्याचा शिरच्छेद झाला), व त्याने रसायनशास्त्रास एका अर्थी जमाखर्चच शिकविला. तोच जमाखर्च शेताचा मांडू. एक क्विंटल सोयाबीनमध्ये सुमारे ४० किलो प्रथिने. प्रथिनांत शेकडा सुमारे १६ नत्र. म्हणजे बाजार समितीत आलेल्या प्रत्येक क्विंटलाबरोबर सहा किलोंहून अधिक नत्र शेतातून निघून जाते. ते येते कोठून? पुष्कळसे हवेतून. हाबर याने १९०९ साली प्रचंड दाब व उष्णता लावून हवेतील नत्र बांधून दाखविला. सोयाबीनच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू तेच काम भट्टीवाचून करतात. पेरणीवेळी थोडा नत्र व बियाण्यास रायझोबियमची प्रक्रिया एवढे केल्यावर, उभ्या सोयाबीनवर युरिया फेकीत राहणे म्हणजे ज्याच्या घरी विहीर आहे त्याने पाणी विकत आणणे होय. स्फुरदास मात्र हवेची वाट नाही; तो मातीतून किंवा गोणीतूनच आला पाहिजे. गंधकाचेही तसेच, व तेलबियांस गंधक विशेष लागतो. डीएपीत गंधक घातलेला नसतो.

म्हणून हा हिशेब पाहा. सिंगल सुपर फॉस्फेटमध्ये स्फुरद १६ टक्के व गंधक ११ टक्के. त्याच्या पन्नास किलोच्या तीन गोण्यांत स्फुरद २४ किलो, शिवाय गंधक साडेसोळा किलो. त्यास वीस किलो युरियाची जोड दिली की नऊ किलोंहून किंचित अधिक नत्र. डीएपीची एक गोणी जे देते ते सर्व यात आले, आणि गंधक वर. पन्नासऐवजी एकशेसत्तर किलो ओझे वाहावे लागते, ही अडचण खरी. गाडीभाडे व मजुरी हिशेबात धरावीच. पण ज्यास हा हिशेब येतो तो रांगेचा गुलाम राहत नाही. सरकारी कृषी खातेही अशीच जोड सुचविते. ती शेतकऱ्यास पटत नाही, कारण त्यामागील गणित त्याला कोणी दाखविलेले नसते.

देशाच्या दृष्टीनेही ही गोष्ट लहान नाही. पालाश आपण जवळजवळ सर्वच परदेशांतून आणतो. स्फुरदाच्या खनिजाचा मोठा भागही बाहेरूनच येतो, राजस्थानात झामरकोटऱ्यास त्याच्या खाणी असल्या तरी. २०२१ साली चीनने फॉस्फेट खतांच्या निर्यातीस आळा घातला, तेव्हा त्याची झळ आमच्या पेरणीस लागली. प्राचीन काळी आमच्याकडे केवढे रसायनशास्त्र होते हे अभिमानाने सांगणारे गृहस्थ सभांतून पुष्कळ भेटतात. आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांनी तो इतिहास १९०२ व १९०९ साली दोन भागांत लिहिला खरा. पण त्याच हातांनी बंगाल केमिकल्सचा कारखानाही उभारला, हे या गृहस्थांस आठवत नाही.

शेवटी आमच्या व्यापारी बंधूंस. १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाने विक्रेत्यावर साठा व भाव फलकावर लिहिण्याची आणि प्रत्येक ग्राहकास पावती देण्याची जबाबदारी टाकली आहे. २०१५ च्या दुरुस्तीने नव्या विक्रेत्यास कृषी किंवा रसायनशास्त्राचे शिक्षण असावे अशी अट आली, व पुढे अल्प मुदतीच्या प्रशिक्षणाची वाटही मोकळी झाली. कायद्याने परवाना मिळतो. फलकावर आणखी काय लिहावे हे विक्रेत्याच्या हाती आहे. भावांच्या फलकाखाली दुकानदाराने एवढेच लिहावे : प्रत्येक खतात एक किलो नत्र कितीस पडतो व एक किलो स्फुरद कितीस, आणि डीएपीच्या एका गोणीबरोबर तीन गोण्या सुपर फॉस्फेट व वीस किलो युरिया यांची तुलना, त्या दिवसाच्या भावाने. खडू व पाटी यांवाचून यास काही लागत नाही. जिल्ह्यातील सहाही बाजार समित्यांनी असा फलक पुढील मृगापूर्वी आपापल्या आवारात लावावा, व तो लिहिण्याचे काम जवळच्या शाळेतील नववीच्या वर्गाकडे सोपवावे.