शिकाऊ डॉक्टरांचा ठराव

आदिलाबादच्या रिम्स रुग्णालयात मध्यरात्री आलेला रोगी प्रथम कोणाच्या हाती पडतो? बहुधा शिकाऊ डॉक्टराच्या. किनवटकडून आलेला मराठी शेतकरी असो की उटनूरच्या डोंगरातली गोंड बाळंतीण असो, तिची नाडी आधी हा तेविशी-चोविशीचा मुलगाच पाहतो. औषध कोणते संपले, बोली न कळल्यामुळे घोटाळा कोठे झाला, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणास ठाऊक असणार? परंतु धोरण ठरते त्या बैठकीत त्याला खुर्ची नसते.

मग तो संप करतो. डिसेंबर २०२३ मध्ये याच रुग्णालयाच्या आवारात बाहेरच्या माणसांनी विद्यार्थ्यांना मारहाण केली, तेव्हा त्यांनी काम थांबविले. रागाचे कारण खरे होते. तथापि संपाचे दिवस रोग्याच्या अंगावर निघतात, आणि मिळालेले आश्वासन पुष्कळदा फायलीतच राहते. निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः दिवसास १२ व आठवड्यास ४८ तासांहून अधिक नसावे, असे केंद्र सरकारने १९९२ सालीच लिहून ठेवले आहे. आजही सलग दीड दिवस राबणारी मुले आपल्याच नात्यात सापडतील.

ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात एका शिकाऊ महिला डॉक्टराचा खून झाला. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या कृतिदलात सारी नावे ज्येष्ठांची होती. तक्रार झाल्यावर निवासी डॉक्टरांचे म्हणणे ऐकून घेण्याचे ठरले. पण बोलावून ऐकणे निराळे आणि सभेत बरोबरीने बसविणे निराळे.

याला वाट आहे. १९२८ साली स्थापन झालेल्या इंडियन मेडिकल असोसिएशनच्या स्थानिक शाखा, राज्य शाखा आणि मध्यवर्ती मंडळ अशा पायऱ्या आहेत. कनिष्ठ डॉक्टरांसाठी व विद्यार्थ्यांसाठी तिने स्वतंत्र विभागही काढले आहेत. अमेरिकेतील वैद्यकीय संघटनेत तर निवासी डॉक्टर आपल्या सभेत ठराव मंजूर करून तो मुख्य प्रतिनिधी-सभेपुढे नेतात. आपल्याकडे ग्रंथालयाच्या वार्षिक सभेतसुद्धा सूचक आणि अनुमोदक लागतो. ही रीत जुन्या मराठी घरांना शिकवावी लागत नाही.

ठराव मात्र नेमका हवा. ‘बाह्यरुग्ण विभागात गोंडी व मराठी जाणणारा दुभाषा असावा’, एवढेच मागावे. त्याला महिनाभराच्या नोंदींचा आधार द्यावा, खर्च किती आणि करावयाचे कोणी हे लिहावे. शिकाऊ डॉक्टर वर्षाने पांगतात. म्हणून वही पुढच्या तुकडीच्या हाती द्यावी.

ज्येष्ठ म्हणतील, ‘ही मुले अननुभवी आहेत, उद्या निघून जातील.’ रोगी तर येतच राहील ना! शिवाय ज्याच्या सहीवर प्रमाणपत्र अवलंबून, त्याच्याच समोर एकट्या मुलाने उभे राहणे सोपे नाही. म्हणून ठराव गटाच्या नावे यावा, सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत त्याला ठरलेली जागा असावी, आणि निर्णय लेखी कळवावा.

आपल्या शहरात अशा शाखांतून वजन असलेले मराठी डॉक्टर कमी नाहीत. येत्या सभेत एका शिकाऊ डॉक्टराच्या ठरावाला त्यांनी अनुमोदन द्यावे, एवढीच आमची विनंती आहे.