आधी छप्पर शाकारा!

मैत्रिणींनो, पुण्याच्या बुधवार पेठेतला भिडे वाडा आता उरलेला नाही. १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी मुलींची शाळा काढली, ती याच वाड्यात. डिसेंबर २०२३ मध्ये पोलीस बंदोबस्तात रात्रीतून तो पाडला. कशासाठी? तर राष्ट्रीय स्मारक उभारण्यासाठी!

स्मारकाचा ठराव महापालिकेने २००६ साली केला. मग मालक-भाडेकरूंशी वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोवर वाडा मोडकळीला आला. समोरच दगडूशेठ गणपती. दर्शनाच्या रांगेतल्या किती जणींना ठाऊक होते, की आपल्या हाती पाटी आली ती या घरातून?

सारा दोष कोर्टकचेरीवर ढकलून सरकारला हात झटकता येणार नाहीत. डागडुजीला थोडाच पैसा लागतो, पण तो वेळेवर लागतो. गळके छप्पर शाकारले म्हणून कोणी पुढाऱ्याला हार घालत नाही. नव्या स्मारकाची मात्र कोनशिला बसवता येते, फीत कापता येते!

गडकिल्ल्यांवर खर्च करू नका, असे आम्ही म्हणत नाही. पण इतिहास फक्त तटबंदीआड घडला का? तो पेठेतल्या खोलीतही घडला, आणि तिथे मुली अक्षरे गिरवत होत्या.

तेव्हा आपापल्या जिल्ह्यातल्या जुन्या मुलींच्या शाळा, वसतिगृहे, आश्रम यांची यादी आपणच करू या. ती पुरातत्त्व खात्यापुढे ठेवू या. दुरुस्तीचा निधी वास्तू उभी असतानाच मागू या.

स्मारके पुढे बघू. आधी छप्पर शाकारा!