नावाचा संताप आणि हातांची स्वच्छता

प्रतिजैविकांना निष्प्रभ करणाऱ्या विकराला पाश्चात्त्य संशोधकांनी आपल्या राजधानीचे नाव चिकटविले, ‘एनडीएम-१’. २०१० साली त्यावरून देशभर संताप उसळला. तो रास्तच होता. पण तो ओसरल्यावर आपल्या रुग्णालयांत काय पालटले? २०१४ पासून अनेक जालीम प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद औषध विक्रेत्यांना बंधनकारक झाली, २०१७ साली राष्ट्रीय कृती आराखडा आला. खाटेपाशी मात्र परिचारिका एकटीच असते.

मध्यंतरी आप्ताच्या आजारपणात एका रुग्णालयात रात्री काढाव्या लागल्या. तेथील सिस्टरांना सहज विचारले. त्यांनी ‘एमआरएसए’पासून कार्बापेनेमलाही न जुमानणाऱ्या क्लेबसिएलापर्यंत सारे नीट सांगितले, हात धुण्याचे पाच प्रसंगही तोंडपाठ. परिचारिकांना ज्ञान नाही, त्यांना प्रशिक्षण द्या, असे म्हणणे सोपे असते. त्या रात्री त्यांच्याकडे बावीस खाटा होत्या आणि बेसिन दालनाच्या दुसऱ्या टोकाला. कल्चरचा अहवाल डॉक्टरांच्या धारिकेत; कोणता रुग्ण विलग ठेवायचा, हे त्यांना सकाळी कळे. तोवर त्याच हातांनी किती सलाईन लावून झालेले! अहवाल प्रथम परिचारिकेच्या हाती पडावा, एवढा साधा नियम करण्यास कोणते परदेशी तंत्रज्ञान हवे?

आणि आपण? शेजारच्या खाटेवर भेटीला आलेले कुटुंब खाटेवरच बसून प्रसाद वाटत होते. सिस्टरांनी हात धुण्यास सांगितले, तर गृहस्थ म्हणाले, “तुम्ही तुमचे काम करा.”